देवगडचं अणुऊर्जा प्रदर्शन: मुलांना जरूर न्या, पण निधीचा फलक स्वतः समजावून सांगा

31 वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलंय, त्यामुळे फिरतं अणुऊर्जा प्रदर्शन देवगडात आलंय कळल्यावर घरी बसवेना. वाडीतली चार मुलं घेऊन गेले. प्रवेश मोफत, गर्दी बेताची.

सगळ्यात सुंदर आहे ते तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या 500 मेगावॅट फास्ट ब्रीडर, म्हणजे चालता चालता नवं इंधन बनवणाऱ्या, अणुभट्टीचं मॉडेल. काचेच्या नळ्यांत रंगीत पाणी फिरतं. पहिल्या दोन फेऱ्या वितळलेल्या सोडियमच्या, तिसरी पाण्याची. त्याच्या वाफेवर टर्बाइन. आठवीतल्या एकाने विचारलं, "बाई, हे मिठातलंच सोडियम काय?" माहिती देणाऱ्या मुलीने ते ऐकलं. तिने रॉकेलमधला सोडियमचा तुकडा चिमट्याने काढला, वाटाण्याहून लहान कापला आणि पसरट भांड्यातल्या पाण्यात टाकला. तो सुर्रकन पाण्यावर पळाला, फट्ट झालं, मुलं मागे सरली. मग तीच म्हणाली, "असलं सोडियम अणुभट्टीत कशाला हवं?" आणि उत्तरही तिनेच दिलं: ते 883 अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणून दाबाशिवाय द्रव राहतं, शिवाय पाण्यासारखं न्यूट्रॉनचा वेग मारत नाही. वेगवान न्यूट्रॉन हवेत कारण त्यांच्यामुळे युरेनियम-238 पासून प्लुटोनियम, म्हणजे नवं इंधन, तयार होतं. आणि मधली फेरी कशाला? किरणोत्सारी सोडियमची नि पाण्याची गाठच पडू नये म्हणून. इतकं स्वच्छ मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं.

सरकारी निधीच्या फलकापाशी मात्र जीव कळवळला. 2025-26 च्या अर्थसंकल्पात छोट्या मॉड्युलर अणुभट्ट्यांच्या संशोधन-विकासासाठी 20,000 कोटी ठेवले, 2033 पर्यंत किमान 5 स्वदेशी भट्ट्या चालू करायचं ठरलं. हे बरोबर लिहिलंय. पण बाजूलाच जैतापूरचा नकाशा! पाहणाऱ्याला वाटतं, हे पैसे माडबनलाच, म्हणजे जैतापूर प्रकल्पाच्या गावालाच, येणार. जैतापूरला योजलेल्या 6 भट्ट्या फ्रेंच बनावटीच्या, प्रत्येकी 1650 मेगावॅटच्या. त्या छोट्या नाहीत आणि स्वदेशीही नाहीत. 2011 मध्ये ज्या किनाऱ्यावर या प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात माणूस गेला, तिथल्या लोकांपुढे असा घोळ घालू नये. संशोधनाला पैसा मिळतोय याचा मला मनापासून आनंद आहे, म्हणूनच हे खटकलं.

विजयदुर्गच्या एक मासे विकणाऱ्या मावशी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "समुद्राचा पाणी गरम झाला तर बांगडो खंय जातलो, ता सांगा." फलकाजवळचे साहेब "सगळं सुरक्षित आहे" म्हणाले आणि पुढे गेले. प्रश्न अगदी रास्त होता. अशा भट्टीतल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो, बाकीची थंडाव्याच्या पाण्यातून समुद्रात जाते. ते पाणी किती तापलेलं, कुठे आणि किती खोल सोडणार, हे नकाशावर बोट ठेवून दाखवायला हवं होतं.

मॉडेलला पाचपैकी पाच, निधीच्या फलकाला दोन. सकाळीच जा, दुपारनंतर सोडियमचा प्रयोग होत नाही. अभिप्रायाच्या वहीत नकाशा वेगळा लावा असं लिहून आलेय, मावशींचा प्रश्नही त्यांच्याच शब्दांत उतरवलाय. तुम्ही गेलात तर त्याखाली कोणी उत्तर लिहिलंय का, बघून मला कळवा.