ट्रेव्हर नन यांचा ‘मॅकबेथ’ : शोकांतिकेचे कळीचे प्रवेश समजून घ्यायला किती उपयोगी?

शेक्सपिअरची शोकांतिका शिकवणाऱ्या किंवा बसवणाऱ्या माणसाने एकच चित्रण विकत घ्यायचं ठरवलं, तर हे घ्यावं. १९७६ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी ट्रेव्हर नन यांनी स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’ या छोट्याशा नाट्यगृहात ‘मॅकबेथ’ बसवलं. मॅकबेथ इयन मॅकेलन, लेडी मॅकबेथ जुडी डेंच. थेम्स टेलिव्हिजनने हा प्रयोग स्टुडिओत चित्रित केला आणि जानेवारी १९७९ मध्ये तो ब्रिटनमध्ये दाखवला गेला. कॅमेऱ्यासाठीचं दिग्दर्शन फिलिप कॅसन यांचं आहे, लांबी अडीच तासांना थोडी कमी.

नेपथ्य जवळजवळ नाहीच. मागे काळोख, जमिनीवर वर्तुळ, आणि बहुतेक वेळ पडद्यावर फक्त चेहरे. किल्ला, धुकं, घोडे यांची अपेक्षा असेल तर निराशा होईल. पण अभ्यासासाठी हाच मोठा फायदा आहे. बघण्यासारखं दुसरं काहीच नसल्यामुळे नट ओळ कुठे तोडतो आणि कुठे श्वास घेतो, हे स्पष्ट दिसतं.

सुरुवात दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशापासून करावी, म्हणजे राजा डंकनचा खून करून आलेला मॅकबेथ आणि त्याची पत्नी यांच्या भेटीपासून. खून रंगमंचावर घडत नाही. प्रेक्षकाला तो या दोघांच्या बोलण्यातूनच कळतो. “तुम्ही बोललात का?” “केव्हा?” “आत्ता.” “मी खाली उतरताना?” मूळ इंग्रजीत ही चार वाक्यं मिळून पद्याची एकच ओळ होते: चार, एक, एक आणि पाच, अशी एकूण अकरा अक्षरं. शेक्सपिअरची नेहमीची ओळ दहा अक्षरांची आणि पाच आघातांची असते. शेवटी कधी कधी एखादं हलकं अक्षर जास्त येतं. दोन माणसं एक ओळ वाटून घेतात तेव्हा मध्ये पॉज घ्यायला जागा नसते. हौशी तालमीत नेमकं उलटं घडतं. प्रत्येक तुटक वाक्यानंतर भीती दाखवायला दोन सेकंद घेतले जातात, आणि भीतीच निघून जाते. मॅकेलन आणि डेंच ही ओळ जवळजवळ कुजबुजत, एकमेकांच्या शब्दावर शब्द ठेवत म्हणतात. दोघांनाही समोरच्याचं उत्तर नको आहे, आवाज कुठून आला एवढंच कळायला हवं आहे.

याच प्रवेशात खंजिरांवर नजर ठेवा. मॅकबेथ ते खोलीत पहारेकऱ्यांजवळ ठेवायचे विसरून सोबत घेऊन आलेला असतो. पत्नीच्या हे लगेच लक्षात येत नाही. बरंच बोलणं झाल्यावर तिची नजर तिकडे जाते. म्हणजे तोपर्यंत ते तिला दिसणार नाहीत अशी हातांची आणि अंगाची योजना दिग्दर्शकाला करावीच लागते. बऱ्याच प्रयोगांत मॅकबेथ दोन्ही खंजीर छातीशी धरून प्रकाशात येतो, आणि मग तिला ते इतका वेळ कसे दिसले नाहीत याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

आता मागे, पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशाकडे या. सुमारे ऐंशी ओळींत एक माणूस खून न करण्याच्या निर्णयापासून खून करण्याच्या निर्णयापर्यंत पोचतो. कळ आहे ती “आपण हरलो तर?” या प्रश्नावरच्या उत्तरात. पत्नीचं उत्तर मुळात दोन शब्दांचं आहे, आणि १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात, त्यापुढे प्रश्नचिन्ह छापलेलं आहे. त्या काळचे छापखाने उद्गारासाठीही तेच चिन्ह वापरत, त्यामुळे निर्णय नटीवर येतो. “आपण? आणि हरणार?” असा तिरस्कार, “हरू?” असं आश्चर्य, की “हरलो तर हरलो” असा सपाट स्वीकार? अठराव्या शतकातल्या नटी सेरा सिडन्स यांनी तिन्ही तऱ्हा वापरून पाहिल्या आणि शेवटी सपाट स्वीकारावर स्थिरावल्या. चित्रण इथे थांबवा, डेंच यांनी काय निवडलं ते ऐकण्याआधी आपल्या नटीकडून तिन्ही करून घ्या आणि दर वेळी पुढची ओळ बदलते का ते पाहा. तिरस्काराने म्हटलं तर पुढचं धीर देणं आज्ञेसारखं ऐकू येतं, सपाट म्हटलं तर मिनतवारीसारखं.

आधी पाहून मग बसवायला घेतलं, की विद्यार्थी डेंच यांची नक्कल करतात. चांगल्या चित्रणाचा हा सर्वांत मोठा धोका आहे आणि तो टाळायला क्रम पाळावा लागतो. प्रवेश आधी मोठ्याने वाचायचा. मग पडदा झाकून फक्त ऐकायचा आणि संहितेवर पेन्सिलीने पॉजच्या खुणा करायच्या. मग आवाज बंद करून फक्त बघायचा. दोन्ही एकत्र सगळ्यात शेवटी. पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश या पद्धतीने करायला दीड तास तरी हवा. कॉलेजच्या पाऊण तासाच्या तासिकेत अर्धाच घ्यावा.

मेजवानीचा प्रवेश, म्हणजे तिसऱ्या अंकातला चौथा, मला या चित्रणातला सर्वांत वादग्रस्त आणि म्हणून सर्वांत उपयोगी वाटतो. मॅकबेथने मारेकऱ्यांकरवी मारवलेला त्याचा सोबती सरदार बँको इथे भूत होऊन येतो, पण नन यांनी ते भूत दाखवलंच नाही. मॅकबेथ रिकाम्या जागेकडे बघून थरथरतो, त्याच्या तोंडाला फेस येतो, आणि आपण पाहुण्यांच्या जागी बसून एका माणसाला तुटताना बघतो. भूत पांढऱ्या पावडरीत आणि लाल रंगात आलं की प्रेक्षक मेकअप बघत बसतात, ती अडचण इथे उरत नाही. पण संहिता या निवडीच्या बाजूची नाही. बँकोचं भूत येतं आणि मॅकबेथच्या जागेवर बसतं, अशी स्पष्ट रंगसूचना फोलिओत आहे. १६११ मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात हे नाटक पाहिलेल्या सायमन फोरमन यांनीही भूत येऊन खुर्चीत बसल्याची नोंद केली आहे. भूत दिसलं तर प्रेक्षक मॅकबेथच्या बाजूला जातो, कारण तो जे बघतो ते आपणही बघतो. दिसलं नाही तर आपण त्याच्या पत्नीच्या बाजूला जातो. २००७ साली चिचेस्टरच्या प्रयोगात रूपर्ट गूल्ड यांनी हाच प्रवेश मध्यंतराआधी भुतासह आणि मध्यंतरानंतर भुताशिवाय असा दोनदा केला होता. कार्यशाळेत हाच प्रयोग करावा: एकदा बँको खुर्चीत, एकदा खुर्ची रिकामी, मॅकबेथच्या हालचाली दोन्ही वेळा अगदी त्याच.

झोपेत चालण्याच्या प्रवेशासाठी हे चित्रण पुन्हा पुन्हा बघावं. लेडी मॅकबेथ इथे गद्यात बोलते. पद्याचा ताबा सुटला आहे. तिचं प्रत्येक वाक्य आधीच्या कुठल्या तरी प्रवेशातून येतं. “एक, दोन” ही खुनाच्या रात्रीची घंटा आहे. “सैनिक असून भिता?” हे पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशातल्या टोमण्याचं उरलेलं टोक. दार ठोठावणं आणि रात्रीचा झगा दुसऱ्या अंकातले. “बँकोला पुरलंय” हे मेजवानीचं. फाइफच्या सरदाराची, म्हणजे मॅकडफची, बायको मात्र तिच्यासमोर मेलेली नव्हती, तरी तिचा उल्लेख इथे येतो. नटीने समासात प्रत्येक वाक्याचा मूळ अंक आणि प्रवेश लिहून ठेवावा. तसं केलं नाही तर हा प्रवेश एकाच रडव्या सुरात जातो, आणि सात-आठ वेगळ्या आठवणींचं वेड एकरंगी होतं.

तीन वेळा छापलेल्या ‘ओ’चं काय करायचं हा इथला जुना प्रश्न. डेंच त्यातून एक लांबच लांब विव्हळणं काढतात, ऐकणाऱ्याला नको होईपर्यंत. वैद्य मात्र त्याला उसासा म्हणतो, आणि छाती जड झाल्याचं बोलतो. म्हणून दुसऱ्या नटीने हाच विलाप उचलू नये. अगदी बारीक उसासाही संहितेला धरून आहे.

पाचव्या अंकात राणीच्या मृत्यूची बातमी आल्यावर मॅकबेथची पहिली ओळ सातच अक्षरांची आहे. उरलेली तीन अक्षरांची जागा शेक्सपिअरने मोकळी सोडली आहे. ‘उद्या, आणि उद्या’ हे प्रसिद्ध भाषण त्या शांततेनंतर सुरू होतं. नट घाईने भाषणावर उडी मारतो तेव्हा तो बायको गेलेला नवरा उरत नाही, पाठांतर म्हणणारा विद्यार्थी होतो. मॅकेलन यांचा आवाज इथे जवळजवळ कोरडा आहे.

बॉब पेक यांचा मॅकडफही संयत आहे. मॅकबेथने आपली बायको-मुलं मारवल्याची बातमी त्याला चौथ्या अंकात कळते. तीन ओळींत चार वेळा येणारं ‘सगळी?’ दर वेळी वेगळं करून ऐका. “त्याला मुलं नाहीत” यातला ‘तो’ मॅकबेथ, की शेजारी सूडाच्या गोष्टी करणारा अविवाहित माल्कम, हे ठरवल्याशिवाय नटाला नजर कुठे लावायची ते कळत नाही.

उणिवा आहेत. जवळच्या दृश्यांमुळे वर्तुळातली माणसांची अंतरं हरवतात, आणि बोलणाऱ्यावर कॅमेरा असताना ऐकणारा दिसत नाही, म्हणून ब्लॉकिंग, म्हणजे नटांच्या जागा आणि हालचालींची आखणी, शिकायला हे चित्रण कामाचं नाही. द्वारपालाचे, राजाला उडवून देण्याच्या कटाबद्दलच्या १६०६ च्या खटल्याकडे बोट दाखवणारे विनोद टिपांशिवाय लागत नाहीत, त्यामुळे टिपा आणि ओळींचे क्रमांक असलेली छापील आवृत्ती हाताशी हवीच. मराठीत करणाऱ्यांनी शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ हे ‘मॅकबेथ’चं मराठी रूपांतर सोबत ठेवावं.

डीव्हीडी घेताना प्रदेश क्रमांक तपासा: ब्रिटनमधली प्रत २ ची, अमेरिकेतली १ ची, आणि भारतातले प्लेअर ५ चे. सगळे प्रदेश चालणारा प्लेअर नसेल तर तबकडी चालणारच नाही. कुजबुजीचे संवाद लॅपटॉपच्या स्पीकरवर निसटतात, म्हणून वर्गासाठी बाहेरचा स्पीकर आणि एकट्याने बघताना हेडफोन घ्यावा.