ऑटोरिफ्रॅक्टर: गर्दी ओसरली, रेटिनोस्कोप मात्र जवळच

आमच्या तपासणी खोलीत ऑटोरिफ्रॅक्टर (चष्म्याचा नंबर आपोआप मोजणारा) आणि केरॅटोमीटर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची वक्रता मोजणारा) एकत्र असलेले यंत्र आल्यापासून बाहेरच्या बाकावरची गर्दी निश्चितच ओसरली, कारण साहाय्यक मिनिट-दोन मिनिटांत दोन्ही डोळ्यांचे आकडे छापून देतो आणि मला थेट भिंगे बदलत रुग्णाच्या पसंतीने नंबर पक्का करता येतो. मात्र लहान मुले आतल्या चित्राकडे पाहताना डोळ्यांवर ताण देतात, त्यामुळे मायनस नंबर वाढीव येतो; म्हणूनच डोळ्यात प्रकाश टाकून हाताने नंबर काढायचा रेटिनोस्कोप अजून जवळच असतो. अशा मुलांना नेत्रतज्ज्ञांकडे हा ताण सैल करणारे थेंब घालून तपासण्यासाठी पाठवावेच लागते. पिकलेल्या मोतीबिंदूपुढे तर हे महागडे यंत्र चक्क हात टेकते. खोली लहान असल्याने ६ मीटरच्या तक्त्यासाठी ३ मीटरवर लावलेला साधा आरसा, खर्चाच्या मानाने, मला अधिक समाधान देऊन गेला.