चारित्र्य पडताळणीचे आठ महिने: गुन्हा दिसतो, सुटका दिसत नाही

पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन कसा भरायचा हे इथे लिहीत नाही. खातं उघडणं, फोटो चढवणं, पैसे भरणं आता घरोघरी येतं. मला लिहायचंय ते प्रमाणपत्र हातात पडल्यानंतरच्या आठ महिन्यांबद्दल, आणि त्यातही एका अक्षराबद्दल. ते अक्षर म्हणजे ज्ञ.

माझा धाकटा भाऊ दहा वर्षं कंत्राटी कामगार होता. फेब्रुवारीत त्याला नाशिकच्याच एका कारखान्यात कायम होण्याची संधी आली आणि त्यांनी पोलिसांचं प्रमाणपत्र मागितलं. आम्ही सिडकोत राहतो, म्हणजे शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत. अर्ज केला, कागदांचा संच ठाण्यात दिला, फाइल विशेष शाखेकडे गेली आणि तीन आठवड्यांत प्रमाणपत्र आलं. कुणी एक रुपया मागितला नाही. त्या दिवशी मी या सेवेला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मग भावानं ते नीट वाचलं. त्यावर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यातला २०१२ सालचा गुन्हा होता. नंबर, मारहाण आणि धमकीची कलमं ३२४, ३२३, ५०४, ५०६ सह ३४, आणि पुढे एकच शब्द: न्यायप्रविष्ट, म्हणजे खटला अजून कोर्टात.

गुन्हा खरा होता. गावाकडे बांधावरून भांडण झालं होतं. फिर्यादीत तिघांची नावं आली: आमचे काका, चुलतभाऊ आणि तिसरा माझा भाऊ, जो त्या दिवशी फक्त सोडवायला धावला होता. पण २०१६ साली कोर्टानं तिघांनाही निर्दोष सोडलं होतं. निकाल लागून इतकी वर्षं झाली आणि कागदावर अजून 'न्यायप्रविष्ट'. भाऊ मला म्हणाला, "दादा, म्हणजे मी अजून आरोपीच आहे का?" त्याचं काय उत्तर द्यावं मला कळेना.

कारखान्यानं पंधरा दिवसांत कोर्टाचा निकाल मागितला. निकालाची प्रत काकांच्या ट्रंकेत होती. ट्रंक उघडली तर तळाचे कागद वाळवीनं खाल्लेले. तेव्हाचे वकील वारले. एका एजंटानं "सगळं साफ करून देतो" म्हणत चार हजार सांगितले. मी नाही म्हटलं. त्याला चार हजार देऊन जे मिळणार ते सरकारी दरानं आपल्यालाही मिळतं, आणि पोलिसांच्या अभिलेखातलं काही 'साफ' करून देण्याचा अधिकार कुठल्याच एजंटाला नाही. कुणी तसं सांगत असेल तर तिथून उठा.

मग ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टातल्या प्रकरणांच्या सरकारी संकेतस्थळावर, शोधायला बसलो. राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल निवडायचं, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकायचं, प्रलंबित की निकाली ते सांगायचं. एका वेळी एकच वर्ष आणि एकच संकुल. नाशिक जिल्ह्यात नाशिकखेरीज मालेगाव, निफाड, सिन्नर, येवला, दिंडोरी अशी कोर्टं वेगवेगळी आहेत, हे लक्षात ठेवून बसा. वर्षही गुन्ह्याचं नसतं, प्रकरण कोर्टात नोंदवल्याचं असतं. गुन्हा २०१२ चा, पण दोषारोपपत्र पुढच्या वर्षी गेलं असेल तर २०१२ मध्ये काही मिळणार नाही.

हे सगळं सांभाळता येतं. आम्ही अडकलो ते नावात. भावाचं नाव ज्ञ वरून सुरू होतं. आधारवर ते डी, एन, वाय असं लिहिलंय. शाळेच्या दाखल्यावर डी, एन, ए. पॅन कार्डावर जी, वाय. पुढे 'श्व' आला की कुणी एस, एच, डब्ल्यू लिहितं, कुणी नुसतं एस, डब्ल्यू. मराठीत ज्या नावात चूक होऊच शकत नाही, त्याची इंग्रजीत आम्ही अकरा रूपं काढली. वहीत उभी यादी केली, आडवी वर्षं मांडली आणि दोन रात्री एकेक चौकट भरत बसलो. प्रत्येक वेळी नवा कॅप्चा. दुसऱ्या रात्री माझी बायको म्हणाली की नाव सापडत नसेल तर शोधायची रीत बदला. पण मला ते अक्षर सोडवेना. आई-वडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव आपल्याच जिल्ह्यातल्या कोर्टाच्या यादीत सापडत नाही, हे मला सहन होत नव्हतं.

ज्यांच्या नावात ज्ञ, क्ष, ऋ आहे, ज्यांचं आडनाव व्ही आणि डब्ल्यू या दोन्हीनं लिहितात, त्यांनी पूर्ण नाव टाकूच नये. किमान तीन अक्षरं लागतात. ज्या तीन अक्षरांबद्दल वाद होणार नाही ती निवडा, मग ती आडनावातली का असेनात. यादी लांब येईल, ती वाचा. फौजदारी प्रकरणात एका बाजूला सरकार असतं आणि यादीत बहुधा पहिल्या आरोपीचं नाव दिसतं, पुढे 'व इतर'. आमचा भाऊ त्या 'इतर'मध्ये होता. पहिलं नाव काकांचं.

इथपर्यंतचा मजकूर मी एप्रिलमध्ये लिहून ठेवला होता आणि शेवटी लिहिलं होतं की ई-कोर्ट्सवर शोधून काही हाती लागत नाही. ते मत आता बदललंय.

झालं असं की शहरातल्या ठाण्यात आधी भेटलेल्या एका हवालदारांना मी प्रमाणपत्र दाखवलं. त्यांनी गुन्हा रजिस्टर नंबरावर बोट ठेवलं. म्हणाले, "नावाचं सोडा. हा नंबर टाका, ठाणं निवडा, वर्ष टाका." त्याच संकेतस्थळावर एफआयआर नंबरानं शोधायची सोय आहे. पोलीस ठाणं, नंबर, वर्ष. एका मिनिटात प्रकरण समोर आलं. तिघांची नावं, तारखा, निकालाचा दिवस, आणि सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एकदा तो मिळाला की नाव, वर्ष, संकुल काहीच पुन्हा टाकावं लागत नाही. भावाचं नाव तिथे होतं ते आमच्या अकरा रूपांपैकी एकही नव्हतं. ते बारावं होतं.

निकालाची स्क्रीनवरची नोंद कारखान्यानं मानली नाही, आणि त्यांचं चूक नव्हतं. प्रमाणित प्रतच लागते. तालुक्याच्या कोर्टात नक्कल विभागात अर्ज केला, कोर्ट फी स्टँप लावला, सीएनआर आणि निकालाची तारीख लिहिली. अकराव्या दिवशी प्रत मिळाली. तिथल्या मॅडमनी आपणहून सांगितलं की एकाऐवजी तीन प्रती मागा, पुन्हा पुन्हा यावं लागणार नाही. हा सल्ला मला एजंटाच्या चार हजारांपेक्षा मोलाचा वाटला. पण तोवर पंधरा दिवस उलटून गेले होते आणि ती जागा गेली.

खरा झगडा पुढे झाला. ज्या ठाण्यात गुन्हा नोंदला होता तिथे प्रत घेऊन गेलो. निकालाची नोंद घ्या आणि पोच द्या, एवढंच म्हणणं. पहिल्या खेपेला संबंधित अंमलदार बंदोबस्ताला. दुसऱ्या खेपेला, "निकाल कोर्टाकडून येतो, तुम्ही कशाला आणता?" तिसऱ्या खेपेला अर्ज ठेवून घेतला पण पोच दिली नाही. प्रत्येक खेपेला एसटीचं जाऊन-येऊन भाडं आणि भावाचा एक खाडा. त्याच्या खाड्याचे पैसे धरले तर एजंटाच्या मागणीच्या जवळ गेलो होतो, आणि याचाच मला सर्वात जास्त राग आला.

मग माहिती अधिकाराचा अर्ज केला. महाराष्ट्रात या अर्जात विषय एकच लागतो आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. शुल्क १० रुपये. मी तक्रार लिहिली नाही, कारण माहिती अधिकारात तक्रारीला उत्तर देणं बंधनकारक नाही. फक्त विचारलं: या क्रमांकाच्या गुन्ह्यातल्या निकालाची नोंद आपल्या अभिलेखात कोणत्या तारखेला घेतली, आणि त्या नोंदीची प्रत द्यावी. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. सव्विसाव्या दिवशी फोन आला, "या, नोंद झालीये." प्रतीचे पानाला २ रुपये भरले. मागितली होती नोंदीची तारीख, आणि ती तारीख त्याच आठवड्यातली निघाली.

ऑगस्टमध्ये पुन्हा पडताळणीचा अर्ज केला, या वेळी निकालाची प्रत सुरुवातीलाच जोडून. सप्टेंबरअखेर नवं प्रमाणपत्र आलं. त्यावर काहीही प्रतिकूल नाही.

गल्लीत आता मला लोक विचारतात म्हणून आणखी थोडं. भाडेकरू किंवा कामवाल्या मावशींचा रेकॉर्ड परस्पर काढता येत नाही. प्रमाणपत्रासाठी साधारणपणे ज्याचं त्यानंच अर्ज करायचा असतो. कोर्टाची प्रकरणं मात्र कुणीही नावानं पाहू शकतो, आणि त्यात धोका आहे. एकाच नावाची, एकाच आडनावाची दहा माणसं आपल्या जिल्ह्यात असतात. वडिलांचं नाव, गाव, वय जुळल्याशिवाय कुणाबद्दल तोंड उघडू नका. आणि यादीत नाव दिसलं तर निकाल काय लागला ते शेवटपर्यंत वाचा. माझा भाऊ तशाच अर्ध्या नोंदीमुळे नोकरीला मुकला.

एफआयआरच्या प्रती महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर बघता येतात. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१६ मध्ये आदेश दिला की १५ नोव्हेंबर २०१६ पासून एफआयआर साधारण २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळली आहेत. आमचा गुन्हा त्याआधीचा, त्यामुळे आम्हाला याचा उपयोग झाला नाही. १ जुलै २०२४ पासून कायदे बदलले, तरी त्याआधी घडलेल्या गुन्ह्याची कलमं भारतीय दंड संहितेचीच राहतात, म्हणून जुन्या कागदावरच्या ३२४ ला घाबरून नवा आकडा शोधत बसू नका. परदेशी जाणाऱ्यांनी हा रस्ता धरूच नये. त्यांना लागणारं प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतं आणि त्याचं शुल्क ५०० रुपये आहे.

ज्यांचं प्रकरण कोर्टात चाललंच नाही, तपासातच 'समरी' झाली, त्यांनी विशेष लक्ष द्या. अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही, ब म्हणजे फिर्याद खोटी, क म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाचा मामला. पोलिसांनी अहवाल पाठवला म्हणून विषय संपत नाही, तो न्यायदंडाधिकाऱ्यांनी मंजूर करावा लागतो. त्या मंजुरीच्या आदेशाची प्रत काढून ठेवा. आमच्या शेजारच्या रिक्षावाल्या काकांची ब समरी झाली होती, पण त्यांच्याकडे आदेश नव्हता. गेल्या महिन्यात आम्ही तोही काढला.

खर्चाचं सांगायचं तर एसटी, स्टँप, झेरॉक्स, दोन्ही अर्जांचं शुल्क आणि माहिती अधिकार मिळून हजाराच्या आत भागलं. खाडे धरले नाहीत. ते धरायचे तर निकालाची नोंद वेळेवर का झाली नाही, याचा हिशेब त्या ठाण्याकडे मागावा लागेल.

भावाला दिवाळीआधी दुसऱ्या एका ठिकाणी काम मिळालं. चुलतभावाचा अर्ज आता सुरू आहे आणि त्याच्या कागदावर पुन्हा 'न्यायप्रविष्ट' आलंय. नोंद एकाच्या नावापुढे घेतली, उरलेल्या दोघांच्या नाही. निकालाची एक प्रत शिल्लक आहे. सोमवारी सकाळच्या एसटीनं ती घेऊन आम्ही दोघं त्याच ठाण्यात जातोय. या वेळी पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.