टोकियोत एकटीने कराओके: बायकांनी कुठली जपानी गाणी घ्यावीत

स्टेशनजवळच्या एका कराओकेत परवा एकटीच दोन तास बसून आले, इथे त्याला हितोकारा म्हणतात आणि कोणी ढुंकूनही बघत नाही. खोली बरी होती पण माइक खरखरत होता, शिवाय एक ड्रिंक घ्यावंच लागलं.

आता गाणी. आपला आवाज जरा खालचा असेल तर आइम्योनचं 'मॅरीगोल्ड' (2018) आधी लावा, सूर फार वर पळत नाही आणि गळा मोकळा होतो. उतादा हिकारूचं 'फर्स्ट लव्ह' (1999) सोपं वाटतं पण कोरसला श्वास पुरत नाही बाई, मी दोनदा आपटले! मिका नाकाशिमाचं 'युकी नो हाना' (2003) संथ आहे म्हणून फसू नका, मी सरळ गाण्याची पट्टी (की) दोन पायऱ्या खाली घेतली, रिमोटवर बटण असतं, लाजायचं काय त्यात. स्क्रीनवर कांजीवर (जपानीतली चिनी चित्राक्षरं) छोटी हिरागाना (उच्चार दाखवणारी सोपी जपानी अक्षरं) येते म्हणून वाचायला जमतं, हिरागाना वाचता येत नसेल तर मात्र गाणं आधी पाठ करूनच जा. मिकी मात्सुबाराचं 'मायोनाका नो डोआ' (1979) माझं सगळ्यात आवडतं, नाचता पण येतं. स्कोअरिंग (मशीन गाण्याला गुण देतं ते) बंद ठेवा, मूड जातो.