फुल बॉडी चेकअप पॅकेज: न सापडणाऱ्या दुखण्यासाठी कितपत कामाचं?

महिनोन् महिने थकवा जात नाही, अंग दुखतं, उभं राहिलं की डोकं हलकं होतं, आणि दवाखान्यातून 'विशेष काही नाही' एवढंच ऐकून परत यावं लागतं. असा माणूस शेवटी लॅबच्या 'फुल बॉडी चेकअप'कडे वळतो. ही सेवा टाकाऊ नाही. मधुमेह, थायरॉईड, रक्तक्षय, किडनी आणि लिव्हरचे मोठे बिघाड ती बऱ्यापैकी पकडते. पण तिची रचना काहीच त्रास नसलेल्या माणसासाठी आहे. त्रास घेऊन येणाऱ्याने काय विकत घेतोय ते नीट पाहावं.

आधी '80 तपासण्या' हा आकडा घ्या. एका सीबीसीतूनच (रक्तपेशींच्या मोजणीतून) वीसेक ओळी निघतात, आणि पांढऱ्या पेशींचा प्रत्येक प्रकार टक्केवारीत एकदा व प्रत्यक्ष संख्येत पुन्हा मोजला जातो. ग्लोब्युलिन म्हणजे एकूण प्रोटीन वजा अल्ब्युमिन. इनडायरेक्ट बिलिरुबिन हीसुद्धा वजाबाकीच. व्हीएलडीएल (कोलेस्टेरॉलचा एक प्रकार) बहुतेक वेळा ट्रायग्लिसराइडला 5 ने भागून येतं. युरिया आणि बीयूएन (युरियातलं नायट्रोजन) ही एकाच मोजणीची दोन रूपं. ही आकडेमोड वगळली की खऱ्या चाचण्या बऱ्याच कमी उरतात, म्हणून ओळी मोजून पॅकेज निवडू नका.

थकव्याच्या तक्रारीत पॅकेज निवडताना फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) आहे का, हे सगळ्यात आधी बघा. हिमोग्लोबिन नॉर्मल असतानाही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो, आणि स्वस्त पॅकेजमध्ये बरेचदा फक्त सीरम आयर्न (त्या क्षणी रक्तात फिरणारं लोह) असतं. ते दिवसभरात वरखाली होतं आणि आदल्या दिवशीच्या गोळीनेही वाढतं. फेरिटिन वाचतानाही सावध राहावं लागतं. निरोगी प्रौढात 15 मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली कमतरता धरतात, पण शरीरात दाह किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन आपोआप वाढतं. अशा वेळी जागतिक आरोग्य संघटना 70 ची मर्यादा वापरायला सांगते. म्हणून सोबत दाह दाखवणारं सीआरपी हवं. रात्री पाय स्वस्थ ठेवता येत नसतील, तर 75 पर्यंतच्या फेरिटिनलाही लोह देण्याचा विचार केला जातो, आणि लॅबच्या रिपोर्टमध्ये तोच आकडा बिनधास्त 'नॉर्मल' म्हणून छापलेला असतो.

नमुना देण्याच्या सूचनांमध्ये 'उपाशीपोटी या' यापलीकडे फारसं काही सांगत नाहीत. ही या सेवेची खरी उणीव आहे. केस-नखांसाठीच्या गोळ्यांमधलं बायोटिन हे जीवनसत्त्व काही यंत्रांवर थायरॉईडच्या चाचण्यांपैकी टीएसएच खोटं कमी आणि टी-4 खोटं जास्त दाखवतं, त्यामुळे नसलेला थायरॉईडचा आजार कागदावर उभा राहतो. किमान 2 दिवस आधी ते बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. आदल्या दिवशीच्या जोरदार व्यायामाने सीके (स्नायूंमधलं एन्झाइम) आणि एएसटी (लिव्हर व स्नायूंमधलं एन्झाइम) चढतात. नमुना काढताना किंवा नेताना लाल पेशी फुटल्या तर पोटॅशियम वाढलेलं दिसतं. सिलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणाऱ्या आजाराची) तपासणी वेगळी घ्यावी लागली, तर टीटीजी-आयजीए या अँटिबॉडी चाचणीसोबत एकूण आयजीए मागा, आणि त्याआधी गहू सोडू नका. तपासणीआधी किमान 6 आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणात गहू खाल्लेला नसेल तर निगेटिव्ह निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

आता रिपोर्ट. नॉर्मल रेंज साधारणपणे निरोगी लोकांपैकी मधल्या 95 टक्क्यांवरून ठरते. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही किमान एक आकडा रेंजबाहेर जाण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. मोठ्या पॅकेजमधला एखादा ठळक छापलेला आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. महागड्या पॅकेजमधल्या एएनए (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते का, हे पाहणारी चाचणी) आणि ट्यूमर मार्करबद्दल (कर्करोगाचा इशारा देणाऱ्या चाचण्या) तर आमचं मत स्पष्ट आहे: लक्षणांचा आधार नसताना त्या घेऊ नयेत. एएनए 1:40 पातळीला (नमुना 40 पट पातळ करून) सुमारे 30 टक्के आणि 1:80 ला सुमारे 13 टक्के निरोगी लोकांतही पॉझिटिव्ह येते. सीए-125 हा ट्यूमर मार्कर मासिक पाळीत आणि एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजारात) वाढतो. असा एक आकडा माणसाला कित्येक महिने चुकीच्या तज्ज्ञांकडे फिरवतो.

उलट बाजू अधिक त्रासाची आहे. सगळं नॉर्मल आलं की घरचे आणि कधी कधी डॉक्टरही शोध थांबवतात. पण स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणं) रक्तात दिसत नाही. एंडोमेट्रिओसिस साध्या सोनोग्राफीतून निसटू शकतो. एमई/सीएफएससाठी (दीर्घकाळ न जाणाऱ्या थकव्याच्या आजारासाठी) निदान करणारी रक्तचाचणी अजून नाही, तिथे हकिगतच बोलते: 6 महिन्यांहून जास्त काळ काम करण्याची क्षमता घटलेली, झोपून उठल्यावरही ताजंतवानं न वाटणं, आणि थोड्या श्रमानंतर, अनेकदा दुसऱ्या दिवशी, सगळी लक्षणं उसळणं, शिवाय विचारांत धुकं किंवा उभं राहिल्यावर त्रास.

उभं राहण्याच्या त्रासाची पहिली तपासणी घरी बीपी मशीनवर होते. 10 मिनिटं पडून राहा, नाडी आणि बीपी लिहा. मग उभे राहा, हालचाल न करता 1, 3, 5 आणि 10 मिनिटांना पुन्हा लिहा. सोबत कुणीतरी हवंच, आणि गरगरलं तर लगेच बसा. पहिल्या 3 मिनिटांत वरचं बीपी 20 किंवा खालचं 10 ने उतरलं, तर ते डॉक्टरांना दाखवण्याजोगं आहे. बीपी न पडता नाडी 30 ने वाढून तशीच राहिली (12 ते 19 वयात 40 ने), तर पॉट्सबद्दल (उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याच्या विकाराबद्दल) विचारा. औषधं, पाणी कमी पडणं आणि रक्तक्षय यांनीही असं होतं.

पॅकेजसोबत मिळणारा डॉक्टरांचा फोन बहुधा ठळक आकडे वाचण्यात संपतो. त्या वेळात एकच प्रश्न विचारा: या रिपोर्टने कोणते आजार वगळले गेले, आणि कोणते तपासलेच गेले नाहीत? उत्तर लिहून घ्या आणि पुढच्या डॉक्टरांकडे एका पानावर न्या. त्या पानावर त्रास कधीपासून आहे, कशाने आणि किती तासांनी वाढतो, आता कोणती कामं सुटली आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, तेही असू द्या. पुन्हा तपासायची वेळ आली तर लॅब आणि दिवसाची वेळ तीच ठेवा. कारण नसताना वजन उतरत असेल, रात्री ताप व घाम येत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर पॅकेजच्या नादी न लागता थेट डॉक्टरांकडे जा. आणि एका बाजूची ताकद अचानक गेली तर तडक इमर्जन्सी गाठा.