सखी केंद्र, संरक्षण अधिकारी आणि एक ‘निकाली’ नोंद : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या प्रकरणासमोर ‘समुपदेशनाने निकाली’ असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं. सखी केंद्राची, म्हणजे हिंसा सोसलेल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राची, वही टेबलावर उघडी होती, चहा ठेवायला शिपाई वाकला तेव्हा तिच्यावरची फाइल सरकली आणि मला पान दिसलं. उलटी अक्षरं वाचायची मला सवय आहे. बावीस वर्षं पतसंस्थेच्या काउंटरला बसून समोरच्याची स्लिप त्याच्या हातात असतानाच वाचत आलेय. अनुक्रमांक, नाव, दिनांक, प्रकार ‘कौटु. हिंसा’ आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईने ‘निकाली’. जिचं प्रकरण असं निकालात निघालं होतं ती माझी धाकटी बहीण शेजारीच बसून डाव्या हाताने चहा पीत होती. उजवं मनगट तेव्हा अजून वळत नव्हतं.

तिच्या परवानगीने लिहितेय. जिल्हा सांगणार नाही, केंद्रही नाही. मिक्सर घेताना आपण शंभर जणांचे अनुभव वाचतो. या सेवेबद्दल मात्र कुठे काही वाचायला मिळत नाही, कारण जिने ती वापरली ती गप्प बसते. त्या रात्री मीही आधी काही शोधलं नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेला महिला हेल्पलाइनचा १८१ दिसला आणि फिरवला.

फोन दुसऱ्या रिंगला उचलला. रात्रीचे सव्वाअकरा. पलीकडच्या बाईने नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, “आत्ता तुम्ही आहात तिथे तो येऊ शकतो का?” हा प्रश्न पहिला विचारायला तिला कुणीतरी शिकवलं असणार, आणि ज्याने शिकवलं त्याला पैकीच्या पैकी मार्क. गाडी मात्र आली नाही. अर्धा तास वाट बघून माझ्या यजमानांनी रिक्षा आणली.

केंद्र सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात मागच्या बाजूला. गुलाबी पाटी आहे, पण तिच्यासमोर अँब्युलन्स लावतात, त्यामुळे दिवसासुद्धा दिसत नाही. आत चार कॉट, एक कपाट, एक देवीचा फोटो. रात्रपाळीच्या केस वर्करने अंगावर घ्यायला स्वतःची शाल दिली, कारण कपाटाची किल्ली दिवसपाळीकडे. तीच बहिणीबरोबर कॅज्युअल्टीत गेली, एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टासाठीची जखमांची डॉक्टरी नोंद, होईपर्यंत उभी राहिली, आणि डॉक्टर “पडल्या का?” म्हणाले तेव्हा शांतपणे म्हणाली, “सर, पेशंट काय सांगतायत तेच लिहा.” वयाने तिशीच्या आतली, कंत्राटी. मानधन चार महिन्यांचं थकलेलं आहे हे तिसऱ्या दिवशी बोलता बोलता कळलं. तक्रार म्हणून सांगत नव्हती, बसचा पास काढायचा राहिलाय असं काहीतरी सांगताना मधेच आलं.

योजना कागदावर छान आहे. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर निर्भया निधी झाला, त्यातून २०१५ च्या एप्रिलपासून ही केंद्रं. पहिलं रायपूरला. डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशक, तात्पुरता निवारा, सगळं एका छताखाली. पैसा केंद्र सरकारचा, देखरेख जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीची, राबणारी माणसं कंत्राटी. आमच्याकडे छप्पर एकच होतं हे खरं, पण त्याखाली एका वेळी दोनपेक्षा जास्त माणसं मी पाहिली नाहीत. वकीलबाई मंगळवारी येत. निवारा पाच दिवसांचा. पाचव्या दिवशी संध्याकाळी “उद्या कुठे जाणार?” हा प्रश्न येतो. आम्हाला माझं घर होतं. शेजारच्या कॉटवरच्या बाईला नव्हतं, तिला दुसऱ्या गावच्या शक्ती सदनात, म्हणजे बायकांसाठीच्या सरकारी निवारागृहात, पाठवलं. तिचं पुढे काय झालं ते केंद्रातही कुणाला सांगता आलं नाही.

पोलीस ठाण्याचं थोडक्यात उरकते. हवालदार म्हणाले, “ताई, संसारात भांड्याला भांडं लागणारच.” मी म्हटलं, भांड्याचं मनगट मोडत नाही. तक्रार घेतली, चौथ्या फेरीला.

आता संरक्षण अधिकारी. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झालेला, तो सगळा या एका पदावर उभा आहे. डीआयआर म्हणजे घटनेचा अहवाल त्यांनी भरायचा, कोर्टात पाठवायचा, समोरच्याला नोटीसही त्यांनीच बजावायची. आमच्या मॅडमकडे स्वतःच्या तालुक्याबरोबर आणखी एकाचा ‘अतिरिक्त कार्यभार’. सरकारी गाडी नाही. नोटीस घेऊन त्या स्वतःच्या स्कूटीवर बहिणीच्या सासरी, म्हणजे बत्तीस किलोमीटर, गेल्या. दार कुणी उघडलं नाही. दुसऱ्यांदा गेल्या. मी रागात होते तोपर्यंत त्यांच्यावरच होते. स्कूटीचं कळल्यावर राग कुणावर धरायचा तेच समजेना.

डीआयआर भरतानाचा तास मात्र मी विसरणार नाही. फॉर्म बराच लांब आहे, आणि ज्याने तयार केला त्याला घरं आतून माहीत असावीत. मुलगा झाला नाही म्हणून बोलतात का, नोकरी करू देत नाहीत का, खर्चाला पैसे देत नाहीत का, असे एकेक चौकोन. बहीण भराभर “हो, हो, हे पण” म्हणत होती. मग लैंगिक हिंसेचा भाग आला. मॅडमनी पहिली ओळ वाचली, आणि ती गप्प झाली. माझ्याकडे बघेना. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, “ताई, बाहेर झेरॉक्सवाल्याकडे आधार कार्डाच्या दोन प्रती काढून आणता?” प्रती आधीच माझ्या पिशवीत होत्या. मी उठले. वीस मिनिटांनी परत आले तेव्हा ते पान भरलेलं होतं. काय भरलं ते मी आजतागायत विचारलेलं नाही. नवऱ्याने केलेला बलात्कार फौजदारी कायद्यात अजून गुन्हा नाही, या कायद्यात निदान त्याला चौकोन तरी आहे.

कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, आणि प्रकरण साठ दिवसांत संपवायचा प्रयत्न. आमची पहिली तारीख एकोणीस दिवसांनी. अंतरिम पोटगीचा आदेश पाचव्या महिन्यात. वकीलबाई म्हणाल्या, “लवकर झालं.”

आणि या सगळ्याच्या मधे, तिसऱ्या महिन्यात, ती लाल शाई.

मी विचारलं, निकाली कसं? कोर्टात तर तारखा चालू आहेत. उत्तर मिळालं : आमच्याकडचं समुपदेशन पूर्ण झालं, बाई निवाऱ्यातून गेल्या, म्हणजे आमच्या बाजूने निकाली. वर रिपोर्ट पाठवायचा असतो, प्रलंबित जास्त दिसले की विचारणा होते. सांगणारी मुलगी खोटं बोलत नव्हती. तिला जे विचारलं जातं तेच ती भरत होती.

इथे माझ्यातली पतसंस्थेची बाई जागी झाली. आमच्याकडे दरवर्षी लेखापरीक्षक येतो. तो वह्या तपासतो, व्हाउचर बघतो, तिजोरीतली रोकड मोजतो. पण तेवढ्यावर थांबला तर पतसंस्था बुडवायला कितीसा वेळ लागतो ते महाराष्ट्रात सांगायला नको. म्हणून तो काही खातेदार निवडतो आणि त्यांना थेट पत्र पाठवतो : ३१ मार्चअखेर तुमच्या खात्यात अमुक रक्कम शिल्लक आहे, बरोबर असेल तर सही करून कळवा. आमच्या हातून नाही, परस्पर. एका वर्षी अशाच एका पत्राचं उत्तर आलं, “मी हे खातं दोन वर्षांपूर्वी बंद केलंय.” पुढचे सहा महिने आम्ही काय भोगलं ते आम्हालाच माहीत. पण सापडलं ते त्या पत्रानेच, वहीत सगळं जुळत होतं.

सखी केंद्राच्या तपासणीत हे पत्र नाही. तपासणीचा एक दिवस मी पाहिला. आदल्या दिवशी चारही कॉटवर नव्या चादरी, पाटीसमोरच्या अँब्युलन्स हटवलेल्या, सीसीटीव्ही चालू. साहेबांनी हजेरीपट बघितला, साठा नोंदवही बघितली, अग्निशामक नळकांड्याची तारीख बघितली. अभिप्राय वहीची दोन पानं उलटली. त्या वहीत माझीही ओळ आहे : ‘सेवा चांगली आहे.’ दुसऱ्या दिवशी सकाळी, समुपदेशक शेजारी उभ्या असताना, बहिणीला अजून तीन रात्री तिथे काढायच्या असताना लिहिलेली. तुम्ही काय लिहिलं असतं?

पोटगीचे पैसे हातात पडले का, आदेशानंतर तो पुन्हा घरी आला का, ती जिवंत आहे का, हे विचारायला तिला कुणी फोन करत नाही. तसा रकानाच नाही.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत काय होतं ते मी फक्त बाकावर बसून जेवढं ऐकलं तेवढंच सांगू शकते, आणि त्यातलंही बरंचसं सांगणार नाही. एवढंच की अत्याचार सोसलेल्यांना पैशाची मदत देणारी मनोधैर्य योजना, जी राज्याने २०१३ च्या २ ऑक्टोबरला सुरू केली आणि २०१७ मध्ये मदत दहा लाखांपर्यंत वाढवली, तिचा निर्णय आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरण देतं. त्यामुळे निदान लेखी आदेश हातात येतो आणि कागद कुठे अडला हे शोधता येतं. उलट टू फिंगर टेस्टचं, म्हणजे अत्याचार झालेल्या बाईच्या योनीत बोटं घालून केल्या जाणाऱ्या तपासणीचं, बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं की ती करणारा गैरवर्तनाचा दोषी. पण बंद दारामागे ती झाली की नाही हे कळायचं तर त्या मुलीला किंवा तिच्या आईला विचारावं लागेल. पुन्हा तेच पत्र.

मी काय केलं ते सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल. महिला लोकशाही दिन असतो, त्यात अधिकारी बायकांच्या तक्रारी ऐकतात : तालुक्याला चौथ्या सोमवारी, जिल्ह्याला तिसऱ्या. अर्ज पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत. आमचा पहिला अर्ज ‘न्यायप्रविष्ट’ म्हणून परत आला. नियमाने बरोबर होतं. मग मी दुसरा लिहिला : माझी तक्रार कोर्टातल्या प्रकरणाबद्दल नाही, नोंदवहीतल्या एका शब्दाबद्दल आहे. हा घेतला गेला. जिल्ह्याच्या सभेत साहेबांनी तो दोनदा वाचला आणि संबंधितांना विचारलं, “निकाली म्हणजे नेमकं काय झालं?” सभागृहात कुणालाही सांगता आलं नाही. शेवटी एक जण म्हणाले, “सर, फॉरमॅटमध्ये दोनच पर्याय आहेत.”

माहितीचा अधिकारही वापरला. दहा रुपयांचं तिकीट लावून दोन गोष्टी विचारल्या : वर्षभरात ‘समुपदेशनाने निकाली’ किती, आणि त्यांतल्या किती बायकांशी नंतर संपर्क केला. पहिल्याचं उत्तर आकड्यात आलं. दुसऱ्यापुढे, ‘सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’

कायद्यात एक गंमत आहे. नवऱ्याने संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. संरक्षण अधिकाऱ्याने कोर्टाने नेमून दिलेलं काम विनाकारण टाळलं तरी शिक्षा तीच. फक्त त्याआधी राज्य सरकारची मंजुरी लागते. म्हणजे स्कूटीवाल्या मॅडमना तुरुंगात पाठवायची सोय कायद्याने केली, त्यांना गाडी द्यायची कुणी केली नाही. आणि ज्यांनी दोन तालुके एकीच्या गळ्यात मारले त्यांचं नाव कुठल्याच कलमात नाही. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की जिल्ह्या-तालुक्याला संरक्षण अधिकारी नेमा. कायदा लागू होऊन तेव्हा साडेअठरा वर्षं झाली होती.

मुंबईतली माझी मावसबहीण परिचारिका आहे. तिच्याकडून ‘दिलासा’बद्दल ऐकलं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत संस्थेने मिळून सुरू केलेलं केंद्र, आमच्या योजनेच्या कितीतरी आधीचं. तिथे बाईने “मार खाल्लाय” म्हणायची वाट बघत नाहीत. तिसऱ्यांदा ‘पडून’ आलेली बाई नर्सच ओळखते. माझी बहीण आमच्या सिव्हिलला त्याआधी दोनदा पडून आली होती. दोन्ही केसपेपर माझ्याकडे आहेत.

ही सेवा वापरावी का? वापराच. १८१ फिरवा, आणि पोलीस ठाण्याआधी केंद्रात जा, कारण एमएलसी आणि डीआयआर हे दोन कागद नसते तर आम्ही कोर्टात उभं राहू शकलो नसतो. डीआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, “मॅडम जेवायला गेल्यात” म्हणाले तर जेवून येईपर्यंत बसा. अभिप्राय वही घरी आल्यावर मागता येत नाही, पण पत्र पाठवता येतं. मी पाठवलं, केंद्राच्या पत्त्यावर, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना.

बहिणीला एका क्लासमध्ये हिशेबाचं काम मिळालंय. मनगट वळतं, पावसात दुखतं. पोटगीचे दोन हप्ते आले, तिसरा नाही, त्यासाठी वसुलीचा अर्ज टाकलाय. पुढची तारीख सतरा. मॅडमची बदली झाली आहे. त्यांच्या जागी कोण आलंय ते विचारायला मी काल गेले होते, अजून कुणी आलेलं नाही.