यूएफसीचं पे-पर-व्ह्यू: पैसे लढतीचे की नावाचे?

यूएफसी ही मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणारी कंपनी, आणि पे-पर-व्ह्यू म्हणजे तिचा एकेक कार्यक्रम वेगळे पैसे भरून घरी बघायची सोय. अमेरिकेत २०२५ अखेर बंद झालेल्या या सेवेचा हिशेब साधा होता. ईएसपीएन प्लस या स्ट्रीमिंग सेवेची वर्गणी आधी भरायची, वर प्रत्येक कार्यक्रमाचे ७९.९९ डॉलर मोजायचे. त्यात बहुधा पाच लढतींचं मुख्य कार्ड, म्हणजे त्या रात्रीच्या मोठ्या लढतींची यादी, मिळायचं. साधी लढत ५ मिनिटांच्या ३ फेऱ्यांची, पट्ट्याची, म्हणजे अजिंक्यपदाची, ५ फेऱ्यांची.

दोष असा की भाव पक्का आणि माल बदलता. २०१८ मध्ये खबीब-मॅकग्रेगर लढत सुमारे २४ लाख घरांनी विकत घेतली, ती या दोन नावांसाठी. पण २०२४ मध्ये पायाच्या बोटाच्या दुखापतीने मॅकग्रेगर यूएफसी ३०३ या कार्यक्रमातून बाहेर पडला. परेरा आणि प्रोहाझ्का धावून आले म्हणून कार्ड वाचलं. २०१२ मध्ये तेही जमलं नव्हतं: चॅम्पियन जोन्सचा प्रतिस्पर्धी हेंडरसन जखमी झाला, आयत्या वेळी सोननशी लढायला जोन्सने नकार दिला आणि यूएफसी १५१ अख्खंच रद्द झालं. मुख्य लढतीखाली तिची जागा घेईल असं काही ठेवलंच नव्हतं.

स्टारमुळे खेळ वाढतो का, याचं उत्तर मला महिलांच्या दोन वजनगटांत दिसतं. २०१३ मध्ये राऊझी या स्टारसाठी ६१ किलोचा गट उघडला. ती २०१५ मध्ये होमकडून आणि २०१६ मध्ये नुनेसकडून ४८ सेकंदांत हरली, मग यूएफसीत परतलीच नाही. तरी गट चालू राहिला, कारण तोवर तिच्या मागे लढणाऱ्यांची रांग लागली होती. २०१७ चा ६६ किलोचा गट मात्र कायम दोन-तीन नावांवर तगला. त्यात क्रमवारी लावण्याइतक्याही लढवय्या नव्हत्या. २०२३ मध्ये नुनेस निवृत्त झाली आणि गट गुंडाळला. पट्टा तोच, प्रसिद्धी तीच. फरक फक्त खालच्या भरतीचा. (होम आणि नुनेसला बाजारात भाव आला तो राऊझीला हरवूनच, हेही खरं.)

म्हणून उत्पादन म्हणून पे-पर-व्ह्यूला पाचात अडीच गुण. मोठ्या नावाच्या रात्री पैसे वसूल, एरवी महाग. २०२६ पासून सगळे कार्यक्रम पॅरामाउंट प्लस या स्ट्रीमिंग सेवेच्या वर्गणीतच येतात. प्रेक्षकाच्या खिशाला हे बरं आहे. स्टारचं तसं नाही: अनेक चॅम्पियनांच्या करारात विक्रीचा वाटा असे, आणि स्वतंत्र विक्रीच नसेल तर आपल्या नावावर किती घरं आली हे सौद्याच्या वेळी त्याने दाखवायचं कसं?